जुने सुटे भाग गिऱ्हाइकाचे

सकाळी ७:००

जुलै महिन्यात माझं काम ओल्या फडक्याने सुरू होतं. डोंबिवलीतल्या घराची रस्त्याकडची खोली हा माझा कारखाना. मनगटी घड्याळांची तबकडी, काटे, काच, काचेभोवतीचं बेझल बदलून मालकाला हवं तसं घड्याळ करून देणं हा माझा धंदा. या खोलीत झाडू फिरत नाही. झाडूने उडालेली धूळ बराच वेळ हवेत तरंगते आणि नेमकी काळ्या तबकडीवर येऊन बसते. फरशी, टेबल, दिव्याची दांडी असं सगळं ओल्या फडक्याने पुसायचं. पंखा बंद. अंगात सुती कपडे असले तर वरून नायलॉनचा ॲप्रन, कारण सुताचा एक तंतू काचेखाली गेला की सगळं पुन्हा उघडावं लागतं.

पावसाळ्यात धुळीपेक्षा दमट हवेची काळजी जास्त. दमट हवेत घड्याळ बंद केलं तर तीच हवा आत कोंडली जाते. मग मालक एसी लोकलमध्ये बसतो, काच गार पडते आणि आतल्या बाजूने धुकं धरतं. पाणी शिरलं असं त्याला वाटतं, पण ती कारागिराच्या खोलीतली हवा असते. म्हणून एसी सकाळीच लावते आणि टेबलावरचा आर्द्रतामापक पन्नासच्या खाली येईपर्यंत कोणतंही घड्याळ बंद करत नाही. उघडायला हरकत नसते.

८:३०

आजचं घड्याळ कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांचं आहे. सेइको ५ स्पोर्ट्स, २०१९ साली आलेल्या मालिकेतलं. केस साडेबेचाळीस मिलिमीटर, चावी तीनच्या जागी न येता चारच्या जरा अलीकडे. सरांना त्यावर देवनागरी आकड्यांची तबकडी हवी आहे.

हा सगळा धंदा मुख्यतः सेइकोभोवतीच का वाढला, असं लोक विचारतात. कारण साधं आहे. या कंपनीने कितीतरी मॉडेलांत तबकडीचा व्यास २८.५ मिलिमीटरच ठेवला, काट्यांची भोकंही त्याच मापाची ठेवली. शिवाय या घड्याळातल्या ४आर३६ मशीनचं भावंड एनएच३६ आणि फक्त तारखेचं एनएच३५ ही मशिनं कंपनी इतर घड्याळवाल्यांनाही विकते. मापं ठरलेली आणि मशीन बाजारात मिळणारं. त्यामुळे हाँगकाँगपासून अमेरिकेपर्यंत छोटे कारखाने याच मापाच्या तबकड्या, काचा आणि बेझल बनवायला लागले.

उघडण्याआधी घड्याळ टाइमग्राफरवर ठेवते. हे यंत्र मशीनची टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे होतंय ते सांगतं. ४आर३६ साठी कंपनी दिवसाला +४५ ते −३५ सेकंदांची मुभा देते. हे +११ दाखवतंय. हा आकडा लिहून ठेवायचा. आधी काय होतं हे कागदावर नसेल, तर नंतर काय बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही.

९:४५

मागचं झाकण उघडलं, चावी दांडीसकट काढली, मशीन बाहेर घेतलं. काटे उपसताना तबकडीवर प्लास्टिकचा पातळ कागद धरते, म्हणजे हत्याराचा ओरखडा उठत नाही. जुन्या तबकडीवर आता पुन्हा कोणी काटे चढवणार नाही असं सरांना वाटत असेल, तरी माझा हात तिला नव्यासारखाच जपतो. ती झाकणाच्या डबीत जाते, काटेही जातात. माझ्याकडे आलेल्या घड्याळातून निघालेला प्रत्येक भाग मालकाकडे परत जातो आणि मी जे केलं ते उद्या दुसऱ्या कोणालाही उलटवता आलं पाहिजे, या अटीवरच मी काम घेते. हा नियम पाळता येत नसेल तर ते काम माझं नाही.

नव्या तबकडीला मागे चार पाय आहेत. चावी तीनवर असलेल्या घड्याळात दोन पाय लागतात, सरांच्या घड्याळासारख्या तिरक्या चावीला दुसरे दोन. नको असलेले पाय कापायचे आणि घासून सपाट करायचे. चुकीचे कापले तर तबकडी गेली, म्हणून आधी मशीनवर ठेवून खडूची खूण करते आणि मग कापते.

या तबकडीत खिडकी नाही. म्हणजे वार-तारखेच्या चकत्या आत फिरत राहतील आणि दिसणार नाहीत. काही कारागीर अशा वेळी त्या चकत्या काढून टाकतात. मी ठेवते. उद्या सरांच्या मुलाला जुनी तबकडी परत बसवावीशी वाटली, तर वार आणि तारीख जागच्या जागी मिळतील.

आकड्यांसाठी मला फार कष्ट पडले आणि ते आनंदाचे होते. पाच, आठ आणि नऊ देवनागरीत दोन वळणांनी लिहिले जातात. सरांना फळ्यावर स्वतः लिहीत आले ते मराठी वळण हवं होतं. त्यांनी कागदावर बारा आकडे काढून दिले. ते एका पॅड प्रिंटिंगवाल्याकडून छापून घेतले. एरवी तो पेनांवर आणि मीटरच्या पट्ट्यांवर छापतो. १०, ११, १२ हे दोन-दोन आकडे बाकीच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे डावीकडची वरची बाजू जड दिसते. ते किंचित बारीक केले, तेव्हा तबकडी तोलात आली.

११:००

काटे. दिवसातलं सगळ्यात अवघड काम, म्हणून डोळे ताजे असतात तेव्हाच करते.

तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९, सेकंदकाट्याचं ०.२. बोटांवर रबरी टोप्या चढवायच्या, डोळ्याला आयग्लास लावायची. आधी चावी हळूहळू फिरवत आतली तारीख बदलू द्यायची. खिडकी नसली तरी मी हे करते, कारण पुन्हा जुनी तबकडी लागलीच तर तारीख भर दुपारी बदलायला नको. तारीख उलटली की तिथे बारा. तासकाटा बारावर टेकवून दाबायचा, सरळ बसला का ते बाजूने बघायचं. मग मिनिटकाटा, तोही बरोबर बारावर. आता चावी फिरवत प्रत्येक तासाला थांबायचं: तासकाटा आकड्याच्या मधोमध आहे का? तीनला बरोबर आणि नऊला अर्धा मिलिमीटर पुढे असेल, तर काढून पुन्हा लावायचा.

सेकंदकाट्याची नळी त्या केसासारख्या दांडीवर बसवताना श्वास रोखला जातो. नळी तिरपी टेकली आणि दाब दिला तर नळी चेपते, काटा फुकट जातो. टेकवून, भिंगातून चारी बाजूंनी बघून, मग एकच सरळ दाब. बसल्यावर तिन्ही काटे एकमेकांना समांतर हवेत. मधली फट इतकी बारीक असते, की मिनिटकाट्याचं टोक जरा वाकलं तरी सेकंदकाटा त्याला अडतो आणि घड्याळ दिवसातून काही वेळा थांबतं. असं घड्याळ दुरुस्तीला येतं तेव्हा बिचारं मशीन बदनाम होतं.

काट्यांमधला चमकणारा लेपही जुळायला हवा. आज घड्याळात वापरतात तो किरणोत्सर्ग नसलेला लेप जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ साली आणला. त्याच्या बऱ्याच जाती आहेत. सी३ हिरवट, बीजीडब्ल्यू९ निळसर. तबकडीवरचे ठिपके हिरवे आणि काटे निळे असं घड्याळ दिवसा छान दिसतं आणि रात्री विजोड. म्हणून टॉर्च मारून दिवा बंद करते आणि मगच पुढे जाते.

दुपारी १:००

भाकरी आणि गवारीची भाजी, मग दार वाजलं. कॉलेजातला एक मुलगा, हातात पुडी. "ताई, डायल मीच आणलंय. फक्त बसवून द्या." पुडीत एका प्रसिद्ध स्विस कंपनीच्या मुकुटाची तबकडी.

"हे मी नाही बसवणार."

"मी विकणार नाहीये ताई. स्वतः घालणार."

"तू नाही विकणार. तुझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल तो विकेल, आणि घेणाऱ्याला आत सेइकोचं मशीन आहे हे कळणार नाही."

दुसऱ्याचं नाव खोटेपणाने मालावर लावणं हा १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, तेही त्याला सांगितलं. पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. या मुलाला काळी तबकडी, जाड काटे आणि गोल ठिपके आवडले होते. हे सगळं नावाशिवायच्या कोऱ्या तबकडीवर मिळतं आणि ते त्याचं स्वतःचं घड्याळ होतं. मी त्याला तशा दोन तबकड्या दाखवल्या. एक निवडून, वडिलांना विचारतो म्हणून गेला.

२:३०

केसकडे वळले. मूळ काच हार्डलेक्स, म्हणजे कडक केलेली खनिज काच. रोजच्या वापराने तिच्यावर चरे पडलेत. तिच्या जागी सफायर. मोह्जच्या कडकपणाच्या मापावर सफायर नऊ, हिरा दहा. सफायरला चरा सहज पडत नाही, पण दगडी फरशीवर पडली तर ती तडकू शकते. हेही मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

काच दाबून बसवताना लक्ष ठेवायचं ते काचेखालच्या मिनिटांच्या कड्यावर. काच बसताना ते कडं किंचित फिरतं. या घड्याळांबद्दल लोकांची सगळ्यात जुनी तक्रार हीच आहे: कड्यावरची बाराची रेघ तबकडीच्या बाराशी जुळत नाही आणि बेझलचा त्रिकोण तिसरीकडेच बघतो. कित्येकजण नवीन घड्याळ फक्त एवढ्यासाठी माझ्याकडे आणतात. तिन्ही खुणा एका रेषेत आणायला मी वेळ देते आणि त्याचे पैसे वेगळे घेत नाही, कारण रोज सकाळी ते घड्याळ बघणाऱ्याला हीच गोष्ट खुपते.

४:००

आर्द्रता सेहेचाळीस. गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस, ब्लोअरने शेवटची फुंकर, तबकडीवरचा एक कण चिकट पुट्टीच्या टोकाने उचलला, आणि घड्याळ बंद केलं.

५:००

एक काकू आल्या. पिशवीतून रुमाल, रुमालातून एचएमटी जनता. दिवंगत यजमानांचं. तबकडी पिवळसर झालेली, एका बाजूला डाग.

"जरा नवीन करून दे गं. नातवाला द्यायचंय. ते चकचकीत डायल घालतात ना, तसं."

एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे या तबकडीची जोडीदार आता कारखान्यातून येणार नाही. बाजारात जे 'नवीन' दिसतं ते बहुतेक वेळा जुनीच तबकडी खरवडून, रंगवून, त्यावर पुन्हा छापलेली. जगभरचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. छपाईचा तो मूळ बारीकपणा एकदा खरवडला की परत येत नाही. सरांच्या घड्याळात मी काढलेलं सगळं डबीत आहे; इथे काढलेलं कुठेच राहणार नाही.

काकूंना आयग्लास देऊन तबकडी दाखवली. चारच्या बाजूचा डाग बघून त्या म्हणाल्या, "हा तर दुकानातल्या तेलाचा. डबा उचलताना उडालं होतं." मग खुर्चीत बसल्या. शेवटी ठरलं: मशीन पूर्ण उघडून धुवायचं, तेल घालायचं, काच प्लास्टिकची असल्यामुळे तिचे चरे पॉलिशने जातील, पट्टा नवीन. तबकडीला हात लावायचा नाही. रोज सकाळी चावी द्यायची, हे नातवाला शिकवायचं काम काकूंनी घेतलं.

६:३०

सरांचं घड्याळ पुन्हा टाइमग्राफरवर. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली अशा स्थितींत वेग बघते. हे मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. दिवसात ८६,४०० सेकंद, त्यात दहाचा फरक म्हणजे साधारण साडेआठ हजारांत एक. तेवढ्यासाठी वेगाची कळ केसभर सरकवायची असते. तिच्या शेजारीच दुसरी कळ आहे, ठोक्यांचा तोल सांभाळणारी. घाईत तिला धक्का लागला तर सगळंच बिनसतं. तिन्ही स्थितींत +३ ते +९. पुरे.

मग दाबाची चाचणी. बंद डब्यात हवेचा दाब वाढवून केस किती दबते आणि तशीच राहते का, ते यंत्र मोजतं. कंपनीने घड्याळावर शंभर मीटर लिहिलंय, म्हणजे दहा बार. पण काच मी बदलली आहे, म्हणून मी तपासला तेवढाच दाब कागदावर लिहिते आणि पोहायला नेऊ नका असं तोंडाने सांगते.

८:००

सर आले. घड्याळ हातात घेऊन आकड्यांवरून अंगठा फिरवला, काचेवरूनच. "नऊ बरोबर आलाय," एवढंच म्हणाले.

चावी अर्धी ओढली की आत न दिसणारी तारीख फिरते, तिकडे लक्ष देऊ नका. वेळ लावायला ती पूर्ण ओढायची. हे दाखवलं. मग डबी त्यांच्यापुढे ठेवली: जुनी तबकडी, तीन काटे, चरे पडलेली काच.

"हे मी काय करू? टाका की."

"नाही सर. हे घड्याळासोबतच राहू द्या."

डबीत एक चिठ्ठी घडी करून घातली: मशीन मूळचं, वार-तारखेच्या चकत्या आतच आहेत, तबकडी, काटे आणि काच बाहेरची, तबकडीचे कोणते दोन पाय कापले, तपासलेला दाब, आजचा वेग आणि तारीख. यानंतर ज्या कारागिराच्या टेबलावर हे घड्याळ जाईल, त्याला झाकण उघडण्याआधी आत काय आहे ते कळलं पाहिजे.