भीमेच्या पाण्यावर आणि कर्जतच्या माळावर

श्रोतेहो, होडींत बसून वन्य पक्षी पाहावयाचे म्हटलें म्हणजे मालवणचा किनारा किंवा ठाण्याची खाडी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यास समुद्र नाहीं. तरीहि त्याच्या दक्षिण टोंकास, कर्जत तालुक्यांत, सकाळीं जलपक्षी आणि दुपारनंतर काळवीट अशी दुहेरी सफर एका दिवसांत घडूं शकते. तिची ओळख करून देतांना, पाहणाऱ्यानें अंतर कां राखावें, हें मला आज विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्याची भिंत सोलापूर जिल्ह्यांत आहे. परंतु अडलेलें पाणी मागें पुणे जिल्ह्यांत आणि कर्जत तालुक्याच्या कांठापर्यंत पसरतें. या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. त्यापायीं अनेक गांवें उठलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ बुडालें, आणि पाणी फार ओसरलें म्हणजे तें अद्यापि वर दिसूं लागतें. दक्षिण तीरावरील भिगवण व कुंभारगांव येथील मासेमार हिंवाळ्यांत भल्या पहाटे पाहुण्यांस होडींतून नेतात.

या सफरींतील मानाचा पाहुणा म्हणजे रोहित पक्षी. सलीम अली यांनीं १९४५ सालीं कच्छच्या मोठ्या रणांतील त्याची प्रचंड वसाहत पाहिली होती. तेथें तो चिखलाचा उंचवटा करून त्यावर बहुधा एकच अंडें घालतो. पिलूं करड्या रंगाचें असतें. शेवाळ व सूक्ष्म जलचर यांतील रंगद्रव्यांमुळें पुढें पिसांवर गुलाबी छटा चढते. हा पक्षी वांकडी चोंच उलटी पाण्यांत बुडवितो, जिभेनें पाणी आंत-बाहेर ढकलतो आणि चोंचीच्या कडेवरील बारीक दांत्यांनीं अन्न गाळून घेतो. यासाठीं त्याला पाय टेंकतील इतकेंच उथळ पाणी हवें. जलाशय तुडुंब असतांना त्याला फारशी जागा नसते. कालवे सुटून पाणी उतरूं लागलें, म्हणजे त्याचें ताट वाढलें जातें. शेतकऱ्याच्या पाण्याचें वेळापत्रक तेंच या पक्ष्याचेंहि वेळापत्रक होय.

आतां अंतराची गोष्ट. "दादा, होडी आणखी थोडी जवळ घ्या कीं!" असा आग्रह होडींत हटकून होतो. थवा उडाला म्हणजे तांबड्या-काळ्या पंखांचें दृश्य खरोखर अपूर्व दिसतें. परंतु आपल्या क्षणभराच्या आनंदासाठीं पक्ष्याचें चरणें थांबतें आणि खाऊन मिळविलेली शक्ति उडण्यांत खर्च होते. दिवसांतून दहा होड्यांनीं हेंच केलें, तर त्यानें खावें केव्हां? यासाठीं दूरवरच यंत्र बंद करून स्वस्थ बसणारा नावाडी हाच उत्तम मार्गदर्शक समजावा. दुर्बीण जवळ असली म्हणजे होडी जवळ नेण्याचें कारण उरत नाहीं.

दुपारनंतर कर्जतजवळील रेहेकुरी येथें जावें. काळविटांसाठीं १९८० मध्यें राखलेलें हें अभयारण्य अवघें सुमारें २१७ हेक्टरांचें आहे. नवख्यास तें उजाड वाटतें. पण काळविटाचें रक्षण त्याच्या नजरेंत आणि वेगांत असल्यामुळें त्याला मोकळा गवताळ माळच हवा. तेथें दाट झाडी लावणें म्हणजे त्याचे डोळे बांधणें होय. नराचा रंग वयाबरोबर काळा होतो व शिंगें पिळदार असतात. मादी फिकट तपकिरी असते. वनरक्षकासमवेत, ठरलेल्या वाटेनें, मंद पावलांनीं चालावें.

मात्र एवढ्या लहान माळावर कळप मावत नाहीं. तो शेजारच्या शेतांत उतरतो. आपण ज्याचें कौतुक करतों, त्याचा खर्च कुणब्याच्या पिकांतून जातो, ही गोष्ट शहरवासीयांनीं विसरूं नये. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळणें हेंहि वन्यजीवरक्षणाचेंच काम आहे.

श्रोतेहो, अवश्य जा. भडक वस्त्रें घरीं ठेवा, आवाज खालीं ठेवा, आणि आपण येऊन गेलों हें त्या पक्ष्यांस व हरणांस कळूंहि नये अशा बेतानें परत या.