चिमुकले ‘नॅट’

जेट विमानांचे युग सुरू झाले, तशी लढाऊ विमाने अधिकाधिक जड व महाग होत गेली. वजन वाढले की मोठे इंजिन लागते, मोठ्या इंजिनास इंधन अधिक लागते आणि इंधनामुळे वजन पुन्हा वाढते. हे चक्र थांबवावे, म्हणून पेटर या ब्रिटिश रचनाकाराने मुद्दाम लहान विमान आखले. तेच ‘नॅट’. नॅट म्हणजे चिलट!

१९५५ साली ते प्रथम उडाले. त्याची लांबी सुमारे ९ मीटर, तर पंखांचा विस्तार ७ मीटरांहूनही कमी होता. त्यामुळे ते शत्रूच्या दृष्टीस लवकर पडत नसे व आकाशात चटकन वळे. त्याला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या; मात्र त्या कधी कधी ऐन वेळी अडकत. ब्रिटनने ते लढाऊ विमान म्हणून स्वीकारले नाही. भारताने ते स्वीकारले व बंगळूरच्या कारखान्यात बांधलेही. १९६५ च्या युद्धात त्याने मोठ्या सेबर विमानांना धूळ चारली.

१४ डिसेंबर १९७१ रोजी सहा सेबर विमाने श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली. बाँब पडत असतानाच दोन नॅट विमाने वर झेपावली. त्यांपैकी एकात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों होते. संख्येने अधिक असलेल्या शत्रूशी झुंजताना त्यांना वीरमरण आले. हवाईदलास मिळालेले पहिले परमवीरचक्र त्यांचेच होय.

रचनाकाराची कल्पकता आणि वैमानिकांचे धैर्य यांच्या बळावर हे चिमुकले विमान बलाढ्य विमानांना पुरून उरले.