मोतिहारी ते अमलेखगंज : तेलाची वाहिनी आणि रुपयांचा हिशोब

नेपाळमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना नाही. पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी तो देश भारतावर विसंबून आहे. नेपाळ ऑईल कॉर्पोरेशन ही तेथील सरकारी संस्था हा माल इंडियन ऑईलकडून खरेदी करते. १९७० च्या दशकापासून तो प्रामुख्याने टँकरनेच जात असे, अर्थात रस्ता मोकळा असेल तर!

सप्टेंबर २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेवरून तराईत आंदोलन पेटले आणि रक्सौल-वीरगंज नाका कित्येक महिने बंद राहिला. नेपाळने त्याचा दोष भारताला दिला, भारताने तो नाकारला. वाद काहीही असो, काठमांडूतील गृहिणींवर चुलीत लाकडे घालण्याची वेळ आली. १९९६ पासून चर्चेत असलेल्या तेलवाहिनीचे महत्त्व त्यानंतर विशेष जाणवले. बिहारमधील मोतिहारीपासून नेपाळमधील अमलेखगंजपर्यंतची ६९ किलोमीटर लांबीची ही वाहिनी १० सप्टेंबर २०१९ रोजी कार्यान्वित झाली. तिची वार्षिक क्षमता २० लाख टन असून प्रारंभ डिझेलने झाला.

वाहतुकीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, देण्याचा मात्र नाही. मालाची किंमत भारतीय रुपयांत चुकवावी लागते. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. वीरगंजच्या दुकानदारालाही तो तोंडपाठ असतो. त्यामुळे या दोन चलनांपुरती विनिमय दराची जोखीम राहत नाही. परंतु नेपाळची भारतातून होणारी आयात निर्यातीच्या कितीतरी पट असल्याने भारतीय रुपये अपुरे पडतात आणि नेपाळ राष्ट्र बँकेला डॉलर विकून ते विकत घ्यावे लागतात. या डॉलरचा मोठा भाग आखाती देश आणि मलेशियात राबणाऱ्या नेपाळी कामगारांच्या पैशांतून येतो. भारतीय रुपया डॉलरसमोर घसरला की नेपाळी रुपयाही आपोआप घसरतो, हे वेगळेच.

२०२२ मध्ये तेल महागले आणि परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली, तेव्हा इंधन वाचविण्यासाठी नेपाळने सरकारी कार्यालयांना आठवड्यातून दोन दिवस सुट्टी दिली. महिनाभरातच तो निर्णय मागे घ्यावा लागला. वाहिनी तर त्याही काळात सुरूच होती.

या व्यवहारात नेपाळच्या जमेच्या बाजूला आता विजेची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२१ पासून तेथील जलविद्युत भारतीय वीज बाजारात विकली जाऊ लागली. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात तेव्हा ही विक्री होते. हिवाळ्यात पाणी ओसरले की तोच देश भारताकडून वीज विकत घेतो.