मानेचे ऑपरेशन : करावे की थांबावे?

मानेच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "मानेला सुरी लावू देऊ नका, जन्माचे अंथरूण धराल." दुसरा म्हणतो, "डॉक्टर सांगतात ना, मग उद्याच उरकून टाका." दोघेही आपल्या मायेचेच असतात, पण दुखणे नेमके कोणते आहे, हे दोघांनीही विचारलेले नसते.

माझ्या पाहण्यातली दोन माणसे सांगतो. पहिले आमच्या कचेरीतले सहकारी. रोज कर्जतहून लोकलने जायचे आणि दिवसभर मान खाली घालून वह्या लिहायच्या. एके दिवशी मानेतून खांद्यात आणि खांद्यातून थेट अंगठ्यापर्यंत कळ निघाली. रात्र रात्र झोप नाही. एम.आर.आय. झाला, कागदावर 'नस दबली' असे आले आणि घर हादरले.

दुसरे खालापूरकडचे आमचे काका. आयुष्य ओझी वाहण्यात गेले. त्यांना दुखणे असे फारसे नव्हते. मात्र सदऱ्याची बटणे लागेनात, हातातला पेला निसटू लागला, बांधावरून चालताना तोल जाऊ लागला. "वय झाले," असे आम्हीच म्हणत राहिलो.

बंधू-भगिनींनो, यातले गंभीर दुखणे कोणाचे? ओरडणाऱ्याचे नव्हे, गप्प बसलेल्या काकांचे!

मानेत 7 मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो आणि त्यातून नसांच्या 8 जोड्या बाहेर पडतात. गादी सरकून किंवा हाड वाढून बाजूची नस दबली, तर हातात कळ येते, मुंग्या येतात. असे बहुतेक रोगी औषध, विश्रांती आणि योग्य व्यायामाने सहा आठवडे ते तीन महिन्यांत बरेच सुधारतात. आमचे सहकारीही असेच सुधारले. म्हणून हाताची ताकद शाबूत असेल, तर घाई करण्याचे कारण नसते. कळ महिनोन् महिने हटली नाही, किंवा हाताचा जोर कमी होऊ लागला, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

मज्जारज्जूच दबू लागला, तर गोष्ट वेगळी. बोटांचे बारीक काम जमेनासे होते, पाय जड होतात, तोल जातो, पुढे लघवी-शौचावरचा ताबाही जाऊ शकतो. येथे वाट पाहण्याने नुकसान होते. एकदा गेलेली ताकद परत येईलच असे नसते. ऑपरेशनचा पहिला हेतू आहे ते वाचवणे हा असतो. काकांचे ऑपरेशन झाले, पण उशिरा. चालणे सावरले, बटणे मात्र आजही काकूच लावतात. याची खंत आम्हा साऱ्यांना आहे.

एक इशारा द्यावासा वाटतो. अशा माणसाने सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नये, कोणाकडून झटका देऊन मणका 'बसवून' घेऊ नये. दबलेल्या मज्जारज्जूला त्याने कायमची इजा होऊ शकते.

आणखी एक. चाळिशीनंतर गाद्या झिजल्याचे अनेक धडधाकट माणसांच्या एम.आर.आय.मध्येही दिसते. ऑपरेशन कागदाचे करायचे नसते, माणसाचे करायचे असते. कागद आणि लक्षणे यांचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते. त्यासाठी डॉक्टरांना न बुजता पुढील प्रश्न विचारा :

1) नस दबली आहे की मज्जारज्जू?
2) थांबलो तर काय होईल? किती दिवस थांबता येईल?
3) ऑपरेशनने काय सुधारेल, काय सुधारणार नाही?
4) पुढून करणार की मागून? धोके कोणते? (पुढून केल्यास काही दिवस गिळायला त्रास होणे, आवाज बसणे हे होऊ शकते. जंतुसंसर्ग किंवा नसेला इजा असे धोकेही असतात.)
5) मोलमजुरीचे काम पुन्हा कधी करता येईल?

विडी-तंबाखू आधीच सोडावी. विडी-सिगारेटने हाड जुळायला अडथळा येतो. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणावा.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्यांचा अपमान नव्हे. आपल्याला मध्य रेल्वेची लोकल आहे. भायखळ्याला उतरून जे.जे. आणि परळला उतरून के.ई.एम. ही मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालये गाठता येतात. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. 2012 साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि आपले ऑपरेशन योजनेत बसते का, ते विचारा.

ऑपरेशनला भिऊ नये, तसेच त्याच्या मागेही धावू नये. आज घरी गेल्यावर एवढे करा : घरातल्या वडीलधाऱ्यांना सदऱ्याची बटणे स्वतः लावायला सांगा, चार पावले सरळ रेषेत चालायला सांगा. जमत नसेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.