बसऱ्याचे मोती, बहारीनचे पाणबुडे

पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेतून. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांच्या निधनाचा निर्देश त्या पत्रात दोन मोती गळाल्याचा म्हणून आला होता. मोहरांचा व खुर्द्याचा हिशेब त्यानंतरचा. मोती मोहरेपेक्षा वरचा, हे कोणास समजावून सांगण्याचे कारण नव्हते. मोहर वितळली तरी सोने उरते. मोती गेला की काहीच उरत नाही.

ही प्रतिष्ठा मराठी घरांतून अद्यापि ओसरलेली नाही. नथ, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या, पुरुषांच्या कानातील भिकबाळी या सर्वांचा जीव मोत्यात आहे, आणि जुना दागिना दाखविताना घरातील वडीलधारे माणूस ‘मोती बसऱ्याचे आहेत बरे’ असे सांगितल्याखेरीज राहत नाही. वस्तुतः बसरा ही केवळ बाजारपेठ. मोती निघत ते इराणच्या आखातात, बहारीन, कतार व कुवेत यांच्या लगतच्या उथळ समुद्रात. मोत्याला जन्मगावाऐवजी पेठेचे नाव मिळावे ही रीतच दिसते. आज ‘हैदराबादी’ म्हणून विकले जाणारे मोतीही बव्हंशी चीनच्या गोड्या पाण्यातून येतात, हैदराबादेत त्यांना भोके पडतात एवढेच.

मोत्याच्या उत्पत्तीविषयी आपल्या पूर्वजांनी स्वाती नक्षत्राच्या थेंबाची रम्य कल्पना केली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर हत्ती, साप, वेळू, मेघ यांपासूनही मोती होतो असे सांगितले आहे. खरी हकीकत इतकी काव्यमय नाही. शिंपल्यातील मऊ जीवाच्या अंगात एखादा परोपजीवी शिरतो किंवा त्याच्या त्वचेस इजा होते, आणि त्या जागेभोवती तो शिंपल्याच्या आतील अस्तराचाच चुनामय थर एकावर एक चढवीत राहतो. त्या असंख्य पातळ थरांतून परतणारा प्रकाश म्हणजेच मोत्याचे ‘पाणी’. मराठीने योजलेला हा शब्द शास्त्रज्ञाच्या कोणत्याही परिभाषेपेक्षा सरस आहे.

अशा अपघाताने होणारा मोती मिळविण्यासाठी शिंपल्यांच्या राशी फोडाव्या लागत, आणि ते तळातून वर आणावे लागत माणसाच्या छातीतील श्वासावर. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने हा हंगाम चाले. नाकाला चिमटा, बोटांना कातडी टोप्या, पायाला दगड आणि गळ्यात जाळीची टोपली, एवढ्या सामग्रीनिशी पाणबुड्या तळाशी जाई. वर गलबतावर त्याचा दोर धरून एक साथीदार उभा असे. दोराला हिसका बसताच तो त्याला ओढून घेई. मिनिटभराची, क्वचित त्याहून मोठी अशी बुडी दिवसातून कितीतरी वेळा मारावयाची. दिवसा पोटात अन्न जवळजवळ नाही. चार खजूर आणि कॉफी. कान फुटत, डोळे जात. गलबतावर एक गाणारा मुद्दाम नेलेला असे, त्याच्या सुरावर दोर ओढले जात.

गलबताचा प्रमुख तो नाखुदा. कोकणच्या किनाऱ्यावरील ‘नाखवा’ याच फारसी शब्दाचा भाऊ आहे. हंगामापूर्वी तो पाणबुड्याला उचल देई, हंगामाअखेर हिशेब होई, आणि हिशेबात पाणबुड्याच देणेकरी ठरे. कर्ज फिटेपर्यंत त्याला दुसऱ्या गलबतावर जाता येत नसे. बाप मेला तर मुलाच्या मानेवर ते जोखड येई. १९२० नंतरच्या दशकात बहारीनमध्ये प्रत्येक पाणबुड्याचे हिशेबाचे पुस्तक असावे असा नियम झाला, तो हे सर्व दीर्घकाळ चालल्यानंतर. ज्या घरांत हे मोती मिरवले गेले तेथे या कर्जाची वार्ता कधी पोहोचली नाही.

मोती मात्र मुंबईस पोहोचत. हंगाम संपला की आखातातील व्यापारी माल घेऊन येत. येथे मोती निवडले, विंधले आणि रेशमात ओवले जात. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरे. किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे, म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्याला चौपट मोल. त्यासाठी ‘चव’ नावाचे स्वतंत्र गणित होते. पुढे हाच माल पॅरिसला व न्यूयॉर्कला जाई. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एक हवेली कार्तिये या पेढीने मोत्यांचा दुपदरी सर आणि वर १०० डॉलर देऊन घेतली. सराची किंमत त्या वेळी १० लाख डॉलर होती. तोच सर १९५७ मध्ये लिलावात निघाला तेव्हा दीड लाखाच्या आसपास आला.

मधल्या चाळीस वर्षांत घडले ते जपानच्या तोबा गावातील एका शेवयावाल्याच्या मुलामुळे. कोकिची मिकिमोतो याने १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती काढला. पूर्ण गोल मोत्याच्या शोधाचे श्रेय निशिकावा व मिसे यांनाही द्यावयास हवे; पण त्याचा व्यवसाय जगभर नेला मिकिमोतोने. १९२१ मध्ये लंडनच्या बाजारात खळबळ माजली. हा मोती खोटा म्हणावा, तर तो शिंपल्यातच वाढलेला. खरा म्हणावा, तर पोटात माणसाने घातलेला मणी. क्ष-किरणांखाली तो मणी दिसतो, गळ्यात घातल्यावर दिसत नाही, आणि व्यापाऱ्यांची अडचण नेमकी तीच होती. त्यात १९२९ ची जागतिक मंदी आली. आखातातील गलबते किनाऱ्याला लागली. बहारीनमध्ये १९३२ साली तेल सापडले नसते तर त्या बेटावर काय ओढवले असते, याची कल्पना करवत नाही.

संवर्धित मोत्याला आजही नाके मुरडली जातात. पण शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरातील मुलगी लग्नात मोत्याची नथ घालू शकते ती त्याच्याचमुळे. ‘अस्सल’ मोत्याच्या अभिमानात सौंदर्याचा भाग किती आणि दुर्मिळतेचा किती, हे त्या सराच्या उतरलेल्या किमतीने दाखविलेच आहे. सर तोच होता, त्याचे पाणीही तेच होते.

आखाताने मात्र जुन्या मोत्याशी नाते सोडले नाही. बहारीनमध्ये संवर्धित मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि तेथील मोतीव्यवसायाच्या खुणा २०१२ पासून जागतिक वारशात गणल्या जातात. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मदिनेस अर्पण करण्यासाठी म्हणून लाखो बारीक बसरा मोत्यांचा एक गालिचा विणविला होता, असे सांगतात. १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. २००९ साली दोहा येथील लिलावात तो ५४ लाखांहून अधिक डॉलरना गेला. आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या समुद्रातून ते मोती वर आले, तो तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.