चाचणीची फेरी आणि खतावणीचा हिशेब

फलटणच्या बाजारपेठेत किराणा-भुसार मालाची घाऊक पेढी चालविणाऱ्या एका एकत्र कुटुंबात गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलीचा विषय निघाला. घरातील चोवीस वर्षांचा मुलगा बी.कॉम. होऊन पेढीवर बसू लागला होता. लोणंद, नातेपुते, दहिवडी या बाजूच्या किरकोळ दुकानदारांकडून मागणी घेणे आणि वसुली आणणे हे त्याचे काम. दिवसाकाठी साठएक किलोमीटर फिरणे होई. जुनी स्कूटर थकली होती आणि मुलाच्या मनात चारशे सीसीच्या आसपासची ‘नेकेड’ मोटारसायकल भरली होती.

वडिलांनी उत्तर दिले नाही. त्याचे कारण घरातल्या सर्वांना ठाऊक होते. मुलाच्या काकांचा डावा पाय पंधरा वर्षांपूर्वी लोणंद रस्त्यावरील अपघातात गुडघ्याखाली कापावा लागला होता. जयपूर फूट लावून ते आजही रोज सकाळी नऊला गादीवर हजर असतात. परंतु त्या दिवसापासून त्या घरात मोटारसायकल आली नव्हती. म्हणूनच काकांनी जेव्हा शांतपणे सांगितले, “दादा, गाडी घेऊ द्या. फक्त निवडायला मी बरोबर जाईन,” तेव्हा सारे घर चकित झाले.

कागदावरील गाड्या

‘नेकेड’ म्हणजे पुढच्या बाजूस वारा अडविणारे आवरण, म्हणजेच फेअरिंग, नसलेली गाडी. इंजिन आणि सांगाडा उघडा, हँडल रुंद, बसण्याची ठेवण बरीचशी ताठ. इटलीच्या डुकाटी कंपनीची १९९३ मध्ये विक्रीस आलेली ‘मॉन्स्टर’ या घाटणीला जगभर लोकप्रिय करून गेली. ताठ बसल्यामुळे रहदारीत दूरवर दिसते आणि गाडी सहज वळते. मात्र वेग वाढला की वाऱ्याचा सारा मारा चालविणाऱ्याच्या छातीवर येतो.

मुलाने चार गाड्यांचा तक्ता केला. टीव्हीएसची अपाचे आरटीआर ३१० : इंजिन ३१२ सीसी, शक्ती ३५.६ पीएस, वजन १६९ किलो. बजाज आणि ट्रायम्फ यांच्या भागीदारीतून चाकणला तयार होणारी, २०२३ मध्ये आलेली स्पीड ४०० : ३९८ सीसी, ४० पीएस, १७६ किलो. केटीएमची नवी ३९० ड्यूक : ३९९ सीसी, ४६ पीएस, सुमारे १६८ किलो. रॉयल एनफिल्डची २०२४ मधील गुरिल्ला ४५० : ४५२ सीसी, ४० पीएस, १८५ किलो. तक्त्यात ड्यूक सरळसरळ पुढे होती. सर्वांत हलकी तीच आणि सर्वांत शक्तिमानही तीच. मुलाच्या मते प्रश्न तिथेच सुटला होता.

काकांनी तक्ता दोनदा वाचला आणि विचारले, “यात मागे बसणाऱ्याचा रकाना कुठे आहे?”

चाचणीची फेरी

दोघे पुण्याला गेले ते रविवार टाळून, कामाच्या दिवशी सकाळी. रविवारी शोरूममध्ये गर्दी असते आणि फेरी दोन-तीन किलोमीटरांत आटोपली जाते. मुलाने वाहनपरवाना आणि स्वतःचे हेल्मेट बरोबर घेतले होते. काकांनी घातलेला नियम एकच होता : प्रत्येक गाडीला एकच प्रश्नपत्रिका द्यायची, आणि उत्तरे फेरी संपताच लिहून काढायची.

पहिला प्रश्न गाडी बंद असतानाचा. स्टँड काढून ती दहा पावले मागे ढकलता येते का? दोन्ही पाय जमिनीवर कितपत टेकतात? सीटची उंची गुरिल्लाची ७८० मिलिमीटर, स्पीडची ७९०, तर ड्यूक व अपाचे यांची सुमारे ८०० मिलिमीटर. कागदावरचा दोन सेंटिमीटरांचा फरक उतारावर, ओल्या रस्त्यावर गाडी सावरताना फार मोठा होतो. दुसरा प्रश्न संथ चालीचा : तिसऱ्या गियरमध्ये ताशी तीस किलोमीटर वेगाने गाडी न धडपडता चालते का? बाजारपेठेतील आयुष्य याच वेगात जाते. कमाल शक्ती इंजिनाच्या चढ्या फेऱ्यांवर मिळते. रोजच्या उपयोगाचा असतो तो कमी फेऱ्यांवरचा जोर, म्हणजेच टॉर्क. तिसरा प्रश्न अरुंद रस्त्यावर एका दमात पूर्ण वळण घेण्याचा. चौथा, दहा मिनिटे सिग्नलच्या रहदारीत थांबत गेल्यावर नडगीला जाणवणाऱ्या उष्णतेचा आणि क्लच दाबून हाताला येणाऱ्या थकव्याचा.

पाचवा प्रश्न ब्रेकचा. “गाडी किती पळते हे सगळेच बघतात. ती किती शहाणपणाने थांबते ते तू बघ,” असे काका म्हणाले. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोरचा धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज उलटतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच एवढे अंतर संपलेले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. एबीएसमुळे चाक अडकून घसरत नाही. पण हा हिशेब त्यालाही बदलता येत नाही.

ड्यूकवरून परतलेल्या मुलाचा चेहरा उजळला होता. ती गाडी मनाआधी धावते, असे त्याने सांगितले. मग थोडे थांबून, स्वतःहून, त्याने वहीत लिहिले : ‘नकळत वेग वाढला. दोनदा.’ ती नोंद काकांनी करायला सांगितली नव्हती.

शेवटी काका प्रत्येक गाडीवर मागे बसून पाहू लागले. या वर्गातील अनेक गाड्यांची मागची सीट उंच आणि आखूड असते. दोन गाड्यांवर त्यांना कृत्रिम पाय पलीकडे टाकताच आला नाही. स्पीड ४०० ची सीट त्या मानाने सपाट आणि सलग, तिच्यावर ते बसले, एक किलोमीटर फिरले आणि उतरून म्हणाले, “तुझ्या आईला या गाडीवर बसता येईल.”

साडेतीनशेची रेषा

घरी परतल्यावर वडिलांनी वही उघडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलीवरील जीएसटीत ३५० सीसीची रेषा निर्णायक झाली आहे. तिच्या आतील गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तिच्या वरील गाड्यांवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. म्हणजे मूळ किमतीच्या दर लाखामागे २२,००० रुपयांचा फरक. विम्यातही हीच रेषा आहे. नव्या दुचाकीसाठी बंधनकारक असलेल्या पाच वर्षांच्या तृतीय पक्ष विम्याचा २०२२ च्या अधिसूचनेतील हप्ता १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये, तर त्यावरील गाडीसाठी १५,११७ रुपये, करांव्यतिरिक्त.

कर्जाचाही हिशेब झाला. दोन लाख रुपये १० टक्के दराने घटत्या शिलकीवर तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६,४५३ रुपये आणि एकूण व्याज ३२,००० रुपयांच्या घरात जाते. तोच ‘१० टक्के’ सरळ पद्धतीचा, म्हणजे फ्लॅट असेल, तर व्याज ६०,००० रुपये होते. प्रत्यक्ष दर जवळपास १८ टक्के पडतो. मुदत पाच वर्षांची केली की हप्ता ४,२५० वर येऊन हलका वाटतो, पण १० टक्के घटत्या शिलकीवरही व्याज ५५,००० पर्यंत चढते. दुसरीकडे विम्यासाठी धरले जाणारे गाडीचे मूल्य पाचव्या वर्षात निम्म्यावर आलेले असते.

गाडी कोणाच्या नावावर?

यावर वडिलांनी सवयीने सुचविले, “पेढीच्या नावावर घेऊ. बिल पेढीचे, कराची वजावटही मिळेल.” व्यापारी घरांत हे सर्रास केले जाते. परंतु मोटारसायकलीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार किराणा व्यापाऱ्याला मिळत नाही. हा तोटा फक्त पैशाचा. दुसरा त्याहून गंभीर आहे.

मोटार विम्यात ‘मालक-चालक’ व्यक्तिगत अपघात संरक्षण असते. पूर्वी दुचाकीसाठी ते १ लाखाचे होते. आता ते १५ लाखांचे आहे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम, एक पाय गमावल्यास निम्मी. मात्र ते मिळते गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, त्याच व्यक्तीला. पेढी ही व्यक्ती नव्हे. वडिलांच्या नावावर असलेली गाडी मुलाने चालविली, तरी हे संरक्षण मुलाला लागू होत नाही.

काकांची ती गाडी पेढीच्या नावावर होती. त्या वेळी गाडीच्या नुकसानीचा दावा मंजूर झाला, पायाचा झाला नाही. विमा कंपनीचे पत्र अजून कपाटात होते. काकांनी ते आणून वडिलांसमोर ठेवले. पंधरा वर्षांत त्या पत्राविषयी दोघा भावांत एकदाही बोलणे झाले नव्हते. वडिलांनी ते वाचले, घडी घातली आणि एवढेच विचारले, “तेव्हा नाव मीच सुचवलं होतं ना?”

“तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, दादा,” काका म्हणाले.

दिवाळीच्या पाडव्याला स्पीड ४०० घरी आली. साडेतीनशेच्या रेषेपलीकडची, म्हणून कर अधिक पडला. तो समजून-उमजून भरला. दर १६,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, हा कंपनीचा क्रम मुलाच्या वर्षभराच्या फिरण्याशी जुळणारा होता. अग्रिम रक्कम मुलाच्या बचतीतून, उरलेले कर्ज घटत्या शिलकीवर तीन वर्षांचे. आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेटे काकांनी स्वतःच्या पैशांनी आणली. एक चालविणाऱ्यासाठी, एक मागे बसणाऱ्यासाठी.

नोंदणी मुलाच्या नावावर झाली. विम्याची पॉलिसी आली तेव्हा काकांनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, वारसाच्या रकान्यात आईचे नाव बरोबर आहे का ते पाहिले, आणि मगच किल्ली पुतण्याच्या हातात दिली.