स्मृतीचे झाड आणि तीन उन्हाळे

दुबलगुंडीच्या एका वृद्ध गुरुजींच्या निधनास वर्ष झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ आम्ही सर्वांनी मिळून एक झाड लावले. ते झाड जगले नाही. लेखाच्या आरंभीच ही कबुली देतो, कारण असे काही योजणाऱ्या वाचकांना आमच्या समारंभापेक्षा आमच्या चुकीचाच उपयोग अधिक होईल.

गुरुजी या गावचे जुने रहिवासी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू, अशा या सीमेवरच्या मुलखात कोणाचा अर्ज लिहून द्यावा, कोणाचे पत्र वाचून दाखवावे, हे काम त्यांनी अखेरपर्यंत निरपेक्षपणे केले. स्मारक उभारण्याची आमची ऐपत नव्हती आणि त्यांना ते रुचलेही नसते. शिवाय आपल्या गावात कोणाचे दहन होते, कोणाचे दफन. झाडाखाली मात्र सर्वांनाच बसता येते. म्हणून झाडाचा विचार सर्वांना पटला.

श्रावणात हार, नारळ, भाषणे आणि छायाचित्रे यांसह गुलमोहराचे रोप लावले गेले. खड्डा हातभरही खोल नव्हता. खाली कठीण मुरूम होता. कुंपण उद्या करू असे ठरले आणि तो उद्या उगवला नाही. शेळ्यांनी शेंडा खाल्ला. पाणी दुसरा कोणी घालीतच असेल, असे प्रत्येकास वाटले. चैत्रात तेथे केवळ एक वाळलेली काटकी उरली. गुरुजींच्या पत्नी, ज्यांना सारे गाव अक्का म्हणते, त्या काटकीजवळ उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “आता दुसऱ्यांदा गेले म्हणायचे.” त्या वाक्याने आमच्या माना खाली गेल्या.

झाड लावण्याची हौस आपल्या देशाला नवी नाही. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात रोपे लागतच आहेत. उणीव आहे ती पुढच्या निगेची. श्रीलंकेत अनुराधपूर येथे सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष सुमारे तेवीसशे वर्षे उभा आहे, तो केवळ दैवाने नव्हे. राज्ये आली, गेली. परंतु त्याची राखण करणाऱ्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकली. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळही असाच मागे राहिलेल्यांनी जोपासला. लावणाऱ्याचे नाव लोक घेतात; झाड जगते ते पाणी घालणाऱ्यांच्या हातांवर.

दुसऱ्या खेपेस आम्ही क्रम बदलला. वैशाखात दोन हात लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू दिला. मृगाच्या पहिल्या सरींनंतर पोयट्याची माती व कुजलेले शेणखत भरून कडुनिंबाचे रोप लावले. गुलमोहर दिसावयास सुरेख. परंतु तो मूळचा मादागास्करचा, आणि वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात. वड-पिंपळ पूज्य खरे. पण घराच्या भिंतीजवळ त्यांची मुळे पाया उखडतात. कडुनिंब एकदा रुजला की कोरड्या हवेतही तग धरतो. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले, आळ्यात पालापाचोळा पसरला आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर बारीक छिद्राचे मडके पुरले. छिद्रात वात बसवून मडके भरून ठेवले की पाणी थेंबाथेंबाने मुळांशी मुरते. उन्हाने फुकट जात नाही.

खरा प्रश्न होता मडके भरणार कोण. गावातील तरुण मंडळी हुमनाबादच्या हमरस्त्याने कोणी हैदराबादला, कोणी सोलापूर-पुण्याला गेलेली. शेवटी जवळच्या सात घरांनी सात वार वाटून घेतले. बाहेरगावी राहणाऱ्यांनी उन्हाळ्यातील पाण्याचा खर्च उचलला. गुरुवार अक्कांनी स्वतःसाठी मागून घेतला. त्यांना घागर उचलवत नाही, म्हणून त्या तांब्याने पाणी घालतात; पाच-सहा खेपा होतात. त्यांना मदत करावयास गेलेल्या मुलांना त्या परत पाठवितात.

दोन उन्हाळे पार पडले आहेत. झाड माणसाच्या उंचीचे झाले आहे. तिसरा उन्हाळा निभावला की ते बहुधा आपल्या बळावर उभे राहील. सावली पडण्यास मात्र अजून अवकाश आहे, आणि ती अक्कांना मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

वाचकांपैकी कोणाच्या मनात आपल्या वडीलधाऱ्यांसाठी असे झाड लावण्याचे असेल, त्यांना आमची एकच विनंती आहे: प्रथम पाण्याची पाळी ठरवावी, हार मग आणावा.